कच्चं खत

ढेकूळ दोन बोटांत धरून त्याने फोडलं, तर आतून ऊब आली — ताप असलेल्या माणसाच्या तळहाताला असते तशी ओलसर, नकोशी ऊब — आणि पाठोपाठ तो वास, नाकाच्या मुळाशी सुई टोचावी तसा. अमोनिया. शेषाद्रीला तो ओळखायला हुंगावाही लागला नसता. रासायनिक खताच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, त्याची सगळी नोकरी या वासात गेली होती, आणि निवृत्त होऊन इतका काळ लोटला तरी न आवडणाऱ्या नातेवाइकाचा आवाज फोनवर ओळखू यावा तसा तो त्याला लगेच ओळखू येई. ढेकळाच्या आत पेंढ्याच्या काड्या जशाच्या तशा पिवळ्या होत्या. मक्याचा एक न पचलेला दाणा होता. कोंबडीचं एक पांढरं पीस चिकटून बसलेलं होतं. हे खत नव्हे... हे नुसतं शेण आणि कोंबड्यांची शीट. खत व्हायला शेणाला वेळ लागतो, ते झाकून ठेवावं लागतं, वरखाली करावं लागतं, वाट बघावी लागते. आणि वाट बघणं रघुरामच्या सात पिढ्यांत कुणाला — पण रघुरामच्या सात पिढ्या म्हणजे माझ्याही सात पिढ्या, हे लक्षात येऊन त्याने तो विचार तिथेच टाकला आणि बोटं रुमालाला पुसली.

मग त्याने रोपांकडे पाहिलं. खरं तर फाटकातून आत आल्याबरोबर त्याने पाहिली होती ती रोपंच; ढेकूळ नंतर उचललं होतं, पुरावा म्हणून. वांग्याची रोपं. ओळी सरळ होत्या. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या, विस्तवाजवळ धरलेल्या कागदासारख्या, आणि बरीचशी रोपं जमिनीवर आडवी पडली होती. काही अजून उभी होती, पण त्यांच्या उभं राहण्यात काही अर्थ नव्हता. दोन दिवसांत तीही जातील. रघुरामला वाटेल, ऊन फार झालं. तो आणखी पाणी घालेल. आणि मग ह्या जमिनीत वांगं येतच नाही असं सगळ्यांना हसतहसत सांगत सुटेल.

शेजारी शेषाद्रीचा स्वतःचा वाफा होता. मधे फक्त पायवाट, एक पाऊल टाकता येईल एवढी. शहराच्या टोकाला, माधवरमच्या पलीकडे, एका जुन्या ट्रस्टच्या पडीक जमिनीचे असे वाफे पाडून ते शहरातल्या हौशी लोकांना भाजी लावायला दिलेले होते, आणि हौशी या शब्दाचा सगळा अर्थ शेषाद्रीला इथेच कळला होता. ती शरण्या, संगणकाच्या कंपनीतली, रोपांशी बोलते. मुळ्याला गाणं ऐकवते. वाफ्यांची व्यवस्था बघणारा नारायणस्वामी, निवृत्त मुख्याध्यापक, दर महिन्याला सगळ्यांना झाडाखाली उभं करून मातीवर भाषण देतो आणि त्याच्या स्वतःच्या वाफ्यात लाजाळूखेरीज काही उगवत नाही. ही माणसं पिशवीतलं वास नसलेलं खत आणतात, मिठासारखं चिमटीने टाकतात आणि फोटो काढतात. शेषाद्री कुणाला काही सांगत नसे. विचारलं तरी सांगत नसे. सुरुवातीला इथली माती विटेसारखी होती — लाल, कडक, पाणी ओतलं तर वरच्यावर वाहून जाणारी. त्याने तिच्यात वर्षानुवर्षं शेणखत घातलं होतं, गोठ्यातून आणून, कोपऱ्यात ढीग रचून, वर माडाच्या झावळ्या अंथरून, तो ढीग थंड होऊन काळाभोर, भुसभुशीत होईपर्यंत न शिवता. आता त्या मातीत मनगटापर्यंत हात जाई. ती मुठीत दाबली तर गोळा होई आणि अंगठ्याने टोचलं तर सुटे. उन्हाळ्यातसुद्धा ती आतून गार असे. तिला हात लावताना त्याच्या मनात कुणाविषयी काही वाईट येत नसे, आणि असं दुसरं ठिकाण त्याच्या आयुष्यात नव्हतं.

आणि मग धाकट्या भावाने, रघुरामने, शेजारचा वाफा घेतला. अर्थातच. जिथे मी जरा शांत बसतो तिथे हा येतो, लहानपणापासून येतो, तंजावरच्या घरी मी माडीवर अभ्यासाला गेलो की मागोमाग आपली पाटी घेऊन जिन्यात हजर... रेल्वेच्या तिकीट खिडकीमागे जन्म काढला, तरी चेहरा असा की लोकांना तिकीट देणं हा जणू स्वतःचा लाडका छंद. लग्नात न सांगता गाणार, मयताला न सांगता खांदा देणार. मराठी मंडळात पुण्याहून बदलून आलेल्या एका बाईने रघुरामचं बोलणं ऐकून "किती गोड आहे हो तुमची मराठी!" म्हटलं, तेव्हा हा खूश होऊन आणखी बोलत सुटला होता — तमिळ हेल काढत, आजीच्या वेळचे शब्द वापरत — आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या शेषाद्रीचे कान तापले होते. एखादं पोपटाचं पिल्लू बोललं की म्हणतात तसं ते गोड होतं. त्यानंतर शेषाद्रीने पुस्तकं मागवून आपली मराठी घासूनपुसून घेतली. पुन्हा कुणी तिला गोड म्हणू नये म्हणून. आता त्याला कुणी काहीच म्हणत नसे.

ऊन वर येत होतं. अण्णानगरहून रघुराम निघाला असेल. आज तो बायकोला, विजयलक्ष्मीला, आणणार होता.

हे त्याला माहीत होतं. काल फोनवर रघुराम बोलला होता — "अण्णा, डॉक्टर आता फिरवा म्हणाले. आधीं कोठें नेऊं विचारलें तर ही म्हणाली, वांगीं बघायचीं." विजयलक्ष्मीला पक्षाघात होऊन गेला होता. उजवा हात अजून नीट वळत नव्हता, शब्द सापडायला वेळ लागे, आणि कित्येक महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती, कुणाशी न बोलता. मग एक दिवस तिने डाव्या हाताने चहाच्या कागदी पेल्यात माती भरायला घेतली. निम्मी माती खाली सांडे. एकेका पेल्याला अर्धा अर्धा तास लागे. तंजावरहून कुणीतरी आणून दिलेलं वांग्याचं बी होतं, ते तिने एकेक करून बोटाने दाबलं, आणि ती रोपं बाल्कनीत वर येईपर्यंत रोज सकाळी पहिल्यांदा तिथे जाऊन बसू लागली. रघुराम हे सगळं ऐकवायचा तेव्हा शेषाद्री फोन कानापासून लांब धरून वर्तमानपत्राची पानं उलटत असे. कागदी पेले. बालवाडीत करतात तसं. पण ऐकलेलं सगळं राहिलं होतं, एकेक तपशील, आणि आता तो त्या रोपांसमोर उभा असताना त्याला आठवत होतं की त्यांतली कितीतरी तिने डाव्या हाताने...

ती लावली गेली गेल्या रविवारी. त्या दिवशी तो इथेच होता.

छोट्या टेम्पोतून खत आलं तेव्हाच त्याला लांबून कळलं. टेम्पोचा मागचा फळका पडला आणि ढिगाऱ्यातून वाफ निघाली, सकाळच्या हवेत चक्क दिसेल अशी. रघुराम अंगातला सदरा काढून, लुंगी वर खोचून फावड्याने ते ओढत होता, घामाघूम, आनंदात. "बघा अण्णा! ताजा माल! गोठ्यातला शेण, वरून कोंबड्यांचा एरु, डबल ताकद!" आणि तो शेषाद्रीकडे बघत थांबला होता, फावडं हातात धरून, क्षणभर. शेषाद्री पायवाटेच्या अलीकडे भेंडीच्या मुळाशी बसला होता. एक वाक्य होतं. ढीग कर, झाक, पुढच्या वर्षी वापर. एवढं एकच वाक्य. ते तोंडात तयारही होतं, व्याकरणशुद्ध. आणि त्याने मान खाली घालून भेंडीचं एक पिकलेलं पान तोडलं होतं.

कशाला सांगू? विचारलं का त्याने? डबल ताकद म्हणे... त्या शब्दाने त्याच्या आत काहीतरी गोड झालं होतं — हो, गोडच — आता काय होणार हे एकट्याला ठाऊक असण्याचा तो जुना, थंड आनंद. रघुरामने क्षणभर वाट पाहिली, मान डोलावली आणि पुन्हा फावडं मारलं. दुपारपर्यंत सगळं मातीत मिसळलं. संध्याकाळी रोपं लावून झाली. शेषाद्री घरी गेला आणि जेवण नेहमीपेक्षा थोडं जास्तच जेवला.

आता मात्र तो गोडवा कुठे सापडत नव्हता. त्याने शोधून पाहिला. आडव्या पडलेल्या रोपांकडे पाहत त्याने मनाशी म्हटलं, झालं ना जे व्हायचं होतं ते... आणि वाक्य पोकळ वाजलं.

फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला.

विजयलक्ष्मी चार पायांची काठी टेकत येत होती, प्रत्येक पावलाआधी जमीन तपासत. रघुराम एका हाताने तिला आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिकची खुर्ची सांभाळत मागून, तोंडाने सतत चालू — "हें शरण्याचें, हा मुळा बघ, इकडे नारायणस्वामीसारांचें तोट्टम, आतां अण्णांचें बघ, अण्णांचें बघूनच पोट भरतें" — आणि पायवाटेवर येताच तो बोलायचा थांबला.

खुर्ची त्याने मांडली. तिला बसवलं. मग तो आपल्या वाफ्यात उतरला आणि एका रोपाजवळ उकिडवा बसून त्याचं वळलेलं पान बोटाने उलगडायला लागला, अगदी हलकेच. ते मोडलं.

"पाणी कमी पडलें काय कीं," तो म्हणाला. "मी तर रोज..."

विजयलक्ष्मी खुर्चीतून पुढे वाकली. तिची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात होती. ती मोजत नव्हती. ओळखीचं कुणी दिसतं का असं बघत होती.

"खत कच्चं आहे," शेषाद्री म्हणाला.

"म्हणजे?"

"कुजलेलं नाही. मातीत गेल्यावर तापतं. त्यातून अमोनिया सुटतो. मुळं जळाली."

आपला आवाज त्याला चांगला वाटला, प्रयोगशाळेतल्यासारखा, स्वच्छ. रघुरामने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कसला तरी हिशेब जुळत नव्हता.

"पण अण्णा... त्या दिवशीं तुम्हीं इथेंच होता कीं."

शेषाद्रीने बोटं पुन्हा रुमालाला पुसली.

"नाहीं, म्हणजे तुमचें लक्ष नसेल," रघुराम लगेच म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर ते हसू आलं, तिकीट खिडकीतलं, समोरच्याची अडचण आपली म्हणून सोडवणारं. "भेंडीत होता तुम्हीं. आणि तुमचा सगळा विषय कारखान्याचा, गोणीतल्या खताचा. शेणाचें तुम्हांला काय कळणार? परवाइल्लै, असूं दे. कोणालाच कळलें नसतें."

दार उघडं होतं. त्यातून बाहेर पडता आलं असतं. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं, आणि गप्प राहण्यात त्याच्याइतका तरबेज कोण होता? पण शेणाचं तुम्हांला काय कळणार... या माणसाने, जो मातीला आणि कोंबडीच्या शिटेला एकाच फावड्याने ढवळतो, त्याने मला माफ करायचं, ते माझ्या अज्ञानाबद्दल? त्याचे कान तापले, मंडळात तापले होते तसे.

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "टेम्पो उघडला तेव्हाच कळलं होतं. वाफ दिसत होती."

बोलून झाल्यावर त्याने ते ऐकलं.

लांब कुठेतरी शरण्याच्या मुळ्याचं गाणं लागलं होतं, बारीक आवाजात. रघुराम उकिडवाच होता. हातात ते मोडकं पान.

"कळलें होतें," तो म्हणाला. विचारत नव्हता, शब्द उचलून त्याचं वजन बघत होता. "मग बरोबर. मीं पाहिलें होतें तुमच्याकडे. फावडें थांबवून पाहिलें. तुम्हीं बोलला नाहीं, तर मीं म्हटलें, ठीक आहे. चूक असती तर अण्णा गप्प बसले नसते." त्याने पान खाली मातीवर ठेवलं. "मीं नेहमीं तसेंच करतो कीं अण्णा."

"काय करतोस?"

"तुमच्याकडे बघतो. लहानपणापासून. पाटीवर गणित मांडायचें आणि तुमच्याकडे बघायचें. तुम्हीं बोलला नाहीं म्हणजे बरोबर. रेल्वेची नोकरी धरूं कीं नको, तेव्हांही. घर घेतलें तेव्हांही, सगळे नको म्हणत होते. तुम्हीं काहीं बोलला नाहीं, म्हणून घेतलें." आणि आता तो खरंच हसला, बायकोकडे बघून. "हिला बघायला कुंभकोणमला गेलो, तुला आठवतें? अण्णा सगळा वेळ गप्प बसले होते. येतांना बसमध्येंही गप्प. आईला मीं त्याच रात्रीं सांगितलें, मुलगी पसंत आहे, अण्णांनाही पसंत आहे."

शेषाद्रीला कुंभकोणमचं ते घर आठवलं. इतकं लख्ख, की वाफा, ऊन, रोपं सगळं क्षणभर मागे गेलं. लाल फरशी. पितळेच्या पेल्यातली कॉफी, थोडी सांडलेली. ती मुलगी गायला बसली आणि दुसऱ्याच ओळीत सूर सुटला, तरी न थांबता, न लाजता शेवटपर्यंत गात राहिली, आणि समोर रघुराम तोंड उघडं टाकून ऐकत होता, जणू असं गाणं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. बरोबर आहे, त्याला वाटलं होतं तेव्हा. बेसूर गाणारी आणि कान नसलेला. शोभेल जोडी. होऊ दे. आणि तो गप्प बसला होता — तोच थंड आनंद, तेव्हाही तोच — पुढे काय काय हसण्यासारखं घडेल त्याची वाट बघत. हसण्यासारखं काही घडलं नाही. ती दोघं सुखात राहिली. त्याचं कारण त्याने कधी शोधलं नव्हतं; मूर्खांना सुख स्वस्तात मिळतं, एवढ्यावर ते मिटवून टाकलं होतं.

म्हणजे सगळा जन्म हा माझ्या तुच्छतेला आशीर्वाद समजून चालत आला. आणि पोचला. मी सुखरूप जागी बसून त्याला हसत होतो, आणि तो माझ्याच... त्याला वाक्य पुरं करता येईना.

"कांहीं वांचतील काय यांतलीं?" रघुरामने विचारलं.

"मधली. जी उभी आहेत ती," शेषाद्री म्हणाला. "मुळांच्या भोवतालची माती झटकून रोपं काढावी लागतील. धुवून. माझ्या वाफ्यात जागा आहे." आणि आपण हे म्हणालो याचं त्याला आश्चर्य वाटायच्या आत तो पायवाट ओलांडून गुडघ्यांवर बसलाही होता, त्या गरम, घाण मातीत, आणि बोटांनी एका रोपाच्या भोवती उकरत होता. मुळं तपकिरी होती, पण टोकाशी एक पांढरा तंतू जिवंत होता. त्याने ते तळहातावर घेतलं. रघुराम बादली घेऊन नळाकडे धावला, या वयात, लुंगी सावरत. रोप धुवायचं आहे एवढं एक काम मिळाल्यावर त्याला बाकी कशाची आठवण राहिली नव्हती. नळ लांब होता. तिथे नारायणस्वामीने त्याला गाठलं असावं, कारण तो परत येईना.

विजयलक्ष्मी खुर्चीवर बसून होती. तिने डावा हात पुढे केला. शेषाद्रीने रोप तिच्या हातात ठेवलं. तिने ते जवळ धरून पाहिलं, बराच वेळ, मग मांडीवर पदरात ठेवलं आणि शेषाद्रीकडे पाहिलं. तुच्छता असती तर त्याने ती ओळखली असती; तिच्या सगळ्या जाती त्याला माहीत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ती मिळाली असती तर त्याला आधारच वाटला असता. पण ती नव्हती. रागही नव्हता. पेल्यात माती भरताना तिने बघितलं असेल तसं, सांडू नये एवढ्या काळजीने ती बघत होती.

"त्या... दिवशीं," ती म्हणाली. शब्द एकेक करून येत होते. "तुम्हीं. गप्प. कां बसला होता?"

कोणत्या दिवशी, गेल्या रविवारी की कुंभकोणमला, हे त्याने विचारलं नाही.

वांग्याच्या जळलेल्या ओळी, पलीकडे त्याची ती काळी, गार माती, हातांना लागलेला दर्प. त्याने उत्तर शोधलं. आत, जिथे त्याच्याजवळ प्रत्येकासाठी काही ना काही तयार असे, एक वाक्य, एक शेरा, धार लावून ठेवलेलं एखादं विशेषण, तिथे तो गेला आणि उभा राहिला, आणि तिथे काहीच नव्हतं. नुसती जागा होती, मोठी, इतकी मोठी की ती इतका वेळ कशाने भरलेली होती ते त्याला आठवेना. ती वाट बघत होती. तिला घाई नव्हती. शब्द यायला वेळ लागतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि गुडघ्यांवर बसलेला शेषाद्री तोंड थोडं उघडं ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा, आपण काय बोलणार आहोत हे ठाऊक नसताना बोलायला लागला —

"विजया..." तो म्हणाला, आणि पुढचं त्याला घरातल्या, आजीच्या त्या जुन्या बोलीत सुचत होतं.